हजिरीतले पूर्वज

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर असे घर विरळा, की ज्याच्या पूर्वजाने शिवाजी महाराजांची चाकरी केली नाही. कुणाचा पूर्वज सिंधुदुर्गावर गोलंदाज होता, कुणाचा गलबतावर तांडेल होता, कुणाचा दर्यासारंगाच्या पाठीला पाठ लावून लढला होता. कुरटे बेटाचा खडक महाराजांना प्रथम कुणी दाखवला, या मानाचे दावेदार तर माझ्याच ऐकण्यात तीन-चार घराणी आहेत. या सगळ्या पूर्वजांना एके दिवशी तटावर उभे राहावयास सांगितले, तर ते अठ्ठेचाळीस एकरांचे बेट त्यांच्या भाराने खाली बसेल अशी मला भीती वाटते.

पण ही थट्टा येथेच पुरे. माणसाला पूर्वज हवा असतो, आणि तो शूर हवा असतो, यात हसण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच, की हवा असलेला पूर्वज आणि झालेला पूर्वज यांची गाठ कोठे घालून द्यावयाची? माझा धंदा दुहेरी आहे. रात्री कंदिलापाशी बसून लिहिणाऱ्या जुन्या कादंबरीकारांप्रमाणे मीही रात्री बसून नसलेली माणसे निर्माण करतो, आणि सकाळी शाळेत जाऊन असलेल्या मुलांची हजेरी घेतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. इतिहाससंशोधकांच्या पंक्तीला माझे पान मांडले जाण्याचे कारण नाही. परंतु वीस वर्षे हजेरीपट हाताळल्यावर एका गोष्टीत मला थोडीफार गती आली आहे. हजेरी म्हणजे काय, ती कोण लिहितो, कशासाठी लिहितो आणि तिच्यात काय लपते, हे मला कळते. आणि आमच्याकडच्या सामान्य घरांच्या पूर्वजांचा शोध फिरून फिरून ज्या कागदापाशी येतो, तो कागद हजेरीचाच आहे. जुन्या भाषेत हजिरी.

आपली आठवण किती पिढ्यांची असते? श्राद्धाच्या वेळी भटजी तीन नावे विचारतात: बाप, आजा, पणजा. शास्त्राने माणसाची ताकद ओळखूनच हा आकडा धरला असावा. चौथे नाव विचारले, तर भलेभले पाट सोडून उठतील. त्यापलीकडे ज्याला जावयाचे असेल त्याला कागद पाहिजे. आता कागद कुणाकडे असतो? ज्याला वतन होते, इनाम होते, देशमुखी, कुळकर्ण, खोती होती, त्याच्याकडे. अशा घरांनी सनदा जपल्या, महजर जपले, भाऊबंदकीचे निवाडे जपले. आणि गेल्या शंभर वर्षांत त्यांतूनच जाडजूड कुलवृत्तांत छापले गेले. चांगली गोष्ट झाली. परंतु ज्याच्या पूर्वजाजवळ जमिनीचा तुकडा नव्हता, नुसते दोन हात होते, त्याचे नाव कोण कशाला लिहून ठेवील? एकच माणूस लिहील. जो त्याला पगार देतो तो.

शिवकालीन गडाचा कारभार कृष्णाजी अनंत सभासदाने सांगितला आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, कुणा एकाच्या हाती गड राहू नये म्हणून तिघांची जोखीम सारखी. शिवाय कोठाराचा कारखानीस. किल्ल्या हवालदाराच्या कमरेला, धान्य आणि दारूगोळा कारखानिसाच्या वहीत, आणि माणसांचा जमाखर्च सबनिसाकडे. चाकरीस ठेवावयाचा माणूस जुन्या, खात्रीच्या माणसांच्या जामिनावर ठेवावा असा दंडक होता. म्हणजे गडावरच्या माणसाची पहिली ओळख त्याच्या शौर्याची नव्हे. तो पळाला तर कुणाला धरावयाचे, ही.

येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हजिरी ही गौरवासाठी जन्मलेली वस्तू नाही. ती अविश्वासाच्या पोटी जन्मली. सरदार शंभर माणसांचा पगार उचलतो आणि साठच उभी करतो, हा रोग सर्व राज्यांना सारखाच जडलेला. त्यावर औषध म्हणून दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यावर डाग आणि स्वाराचा चेहरा ही पद्धत चालविली. आपल्याकडेही गणती, हजिरी, चेहरेपट्टी हे शब्द त्याच कारणाने रुळले. तेव्हा हजिरीत एखादे नाव सापडले म्हणून लगेच नारळ फोडू नये. ते नाव पगारापुरतेच जन्माला आलेलेही असू शकते.

हे आपल्याच मुलखाचे वैगुण्य नव्हे. आयर्लंडची गोष्ट पाहा. इंग्रजांनी उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टर प्रांतात सतराव्या शतकाच्या आरंभी आपले लोक नेऊन वसविले, आणि १६३० च्या सुमारास त्या वसाहतीची हजिरी घेतली. सुमारे १३,००० पुरुषांची नावे आणि नावापुढे हत्यार: कुणाजवळ तलवार आणि भाला, कुणाजवळ चापाची बंदूक, तर कुणाजवळ काहीच नाही. पुढे १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतले सरकारी दप्तर जळाले आणि त्या देशाच्या शेकडो वर्षांच्या कागदांची राख झाली. ही हजिरी वाचली, कारण तिची प्रत लंडनला होती. आज जगभर पांगलेली आयरिश घराणी आपले मूळ शोधताना त्या यादीवर तुटून पडतात. पण तिच्यात जी नावे आहेत ती मुख्यतः बाहेरून आणून वसविलेल्या लोकांची. ज्यांच्या जमिनी गेल्या ते मूळचे आयरिश तिच्यात जवळजवळ नाहीतच. हजिरी घेणारा ज्याला मोजतो तो उरतो. ज्याला मोजावयाचे नाही तो माणूस होता की नव्हता, हे कागद सांगत नाही.

आमच्या सिंधुदुर्गाचेही तसेच. किल्ल्याचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ चा. त्याच्या पुढल्याच फेब्रुवारीत महाराज मालवणाहून आरमार घेऊन दक्षिणेस बसरूरवर गेले. त्या मोहिमेची मोजदाद इंग्रज व्यापाऱ्यांनी केली आहे: पंच्याऐंशी गलबते आणि तीन मोठी जहाजे. शत्रूने जहाजे मोजली हे ठीकच. त्याला जहाजांचे भय होते. पण त्या अठ्ठ्याऐंशी तारवांवर वल्ही मारणारे, शिडे ओढणारे, खाली साचलेले पाणी उपसणारे किती भंडारी, किती गाबीत, किती कोळी, किती मुसलमान खलाशी होते? इतिहासात नावानिशी उरले ते दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी असे मोजके. बाकीचे सगळे ‘आरमार’ या एका शब्दात बुडाले.

मात्र पुढच्या शतकातले कागद बोलके आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग छापले, आणि तरीही जे राहिले त्याच्यापुढे ते मूठभरच म्हणावे लागतील. करवीर दरबारचे कागद कोल्हापूरला आहेत, आणि सिंधुदुर्ग दीर्घकाळ करवीरकरांकडे असल्यामुळे मालवणकराने तिकडेही पाऊल वळविले पाहिजे. छापील भाग राजकारणाचे. सामान्य माणूस आहे तो न छापलेल्या हिशेबांत, तैनातजाबत्यांत, रोजमुऱ्याच्या याद्यांत.

हे कागद वाचण्याला मोडी तर यावीच लागते, पण तेवढ्याने भागत नाही. पहिला अडथळा सालाचा. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे मंत्र नव्हेत, आकडे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो, १७६०-६१. पानिपताचे साल. हा सन मृगाबरोबर बदलतो. शेतकऱ्याच्या नांगराबरोबर वर्ष सुरू करणारा हा सन अरबी शब्दांत मोजला जावा, ही आपल्या दप्तराची गंमत आहे.

दुसरा अडथळा नावांचा, आणि तो मोठा अवघड. हजिरीत नाव असते ते ‘कृष्णाजी बिन रामजी’ असे. बिन म्हणजे मुलगा. आडनाव असेलच असे नाही. आपल्याकडे नातवाला आजाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे रामजीचा कृष्णाजी, कृष्णाजीचा रामजी, आणि त्याचा पुन्हा कृष्णाजी अशी साखळी चालते. म्हणजे पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच घरात दोन ‘कृष्णाजी बिन रामजी’ उभे राहतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरविताना भल्याची मती गुंग होते. बरे, आडनाव असले तरी काय? आमची अर्धी आडनावे ‘कर’ प्रत्ययाची. आचऱ्याचा माणूस आचऱ्यात असेपर्यंत आचरेकर नसतो. आचरा सोडल्यावर होतो. आडनाव हा बहुधा सोडलेल्या गावाचा पत्ता असतो, राहत्या गावाचा नव्हे. शाळा, कचेरी आणि मुंबईची गिरणी यांनी आडनाव मागितले तेव्हा अनेकांनी ते दारातच बनवून दिले. म्हणून आजचे आडनाव हाती घेऊन दोनशे वर्षे मागे शोधीत जाणे म्हणजे आजच्या वाळूवरची पावले पाहून कालच्या भरतीआधी कोण गेले ते सांगण्यासारखे आहे.

पण या सगळ्या कटकटीत एक मोबदला आहे. तो म्हणजे चेहरा. चाकराची ओळख पटावी म्हणून कारकून त्याचा वर्ण, बांधा, अंगावरच्या खुणा टिपून ठेवी. त्यालाच चेहरा म्हणत. सरदारांची चित्रे चितारी काढीत. शिपायाचे चित्र कारकुनाने काढले, तेही तो पळाला तर सापडावा म्हणून. तरीसुद्धा ते चित्र आहे. गरिबाच्या घराण्यात पूर्वजाची तसबीर म्हणून एवढीच मिळावयाची. त्याच्या शेजारी कधी ‘मयत’ असा शेरा असतो. आणि चाकरी करताना कामास आलेल्यांच्या पोरांसाठी बालपरवेशी लावून दिल्याच्या नोंदी मराठी दप्तरात आढळतात. हजिरीत बाई नसते. पण शिपाई मेल्यावर त्याच्या पाठीमागच्या माणसांचा उल्लेख सरकारला करावाच लागे. एका घराचा चुलीपर्यंतचा पत्ता लागतो तो अशा कागदात.

पुढे काळ पालटला. १७५६ साली विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे बळ मोडले. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. किल्ला परत गेला आणि ते नावही गेले. अखेर १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचा इंग्रजांच्या स्वाधीन केला. तटावरच्या माणसांची चाकरी गेली, पण हत्यार धरण्याचे कसब हातात राहिले. आणि ज्याच्या हाती कसब आहे त्याने पोट कोठे भरावे? कंपनीची पलटण भरतीला तयार होती. पुढे ज्यांना आपण मराठा पलटणी म्हणून ओळखू लागलो, त्यांतली पहिली, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिली होती. बापाने ज्या किल्ल्यावरून इंग्रजांच्या गलबतांवर तोफ डागली, त्याचा मुलगा वीस वर्षांत इंग्रजांच्या रांगेत उभा राहिला, असे कितीतरी घरांत घडले असेल. आज आपण हे सांगताना चाचरतो. पहिली पिढी ओटीवर बसवतो आणि दुसरी माळ्यावर टाकतो. पण हजिरीला लाज नाही. तिच्यात दोघेही आहेत.

मुंबई लष्कराच्या हजिऱ्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत. तेथे गोऱ्या शिपायाचे नाव मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या गोऱ्या शिपायांत निम्म्याच्या आसपास आयरिश असत. दुष्काळाने नि दारिद्र्याने पिटाळलेली शेतकऱ्यांची पोरे ती. म्हणून कॉर्कचा एखादा मनुष्य आज आपला खापरपणजा मुंबईच्या लष्करात कोणत्या साली होता, कधी मेला, हे तेथे बसून काढू शकतो. पण त्याच लष्करात त्याच उन्हात चाललेल्या आमच्या शिपायाचे नाव त्या वार्षिक हजिऱ्यांत नाही. त्याची नोंद पलटणीच्या आपल्या वहीत राहिली. आणि पलटणी मोडल्या, जुळल्या, आकडे बदलले, तशा त्या वह्यांनाही पाय फुटले. लंडनला गेले ते नाव टिकले, पलटणीत राहिले ते वाऱ्यावर गेले.

तरी एका ठिकाणी नावे दगडावर उतरली. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर इंग्रजांनी भीमेकाठी जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्या एकोणपन्नास नावांपैकी बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हे महार शिपाई. आडनाव नाही, गाव नाही. पण नाव आहे. लढाई कुणी जिंकली, कुणासाठी लढली, यावर लोक दोनशे वर्षे वाद घालतील. मला त्या स्तंभात दिसते ती दगडावरची हजिरी. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याची नावे गावच्या कोणत्या कागदात आदराने लिहिली होती? पलटणीने ती लिहिली, कारण पलटणीला त्यांचे हात हवे होते. आणि हात नकोसे झाले तेव्हा, १८९२ च्या सुमारास, महारांची भरती तिने बंदही केली. त्यावेळी महाडजवळच्या रावढूळचे, दापोलीस स्थायिक झालेले निवृत्त शिपाई गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज तयार केला. आमच्या बापजाद्यांनी तुमची चाकरी केली आहे, हा त्या अर्जाचा आधार. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लावून धरली. पूर्वजांची हजिरी ही काही जणांना ओटीवर सांगावयाची गोष्ट असते. काहींना ती न्याय मागण्याची एकमेव सनद असते.

आता घरची गोष्ट सांगतो. आमच्या घराण्याची समजूत अशी, की आम्ही गावचे मूळ रहिवासी. पूर्वज सिंधुदुर्गावर गोलंदाज. या मूळपणाला गावात किंमत आहे. देवळात कुणी पुढे उभे राहावयाचे, पालखीला पहिला खांदा कुणाचा, विहिरीवर कुणाचे बोलणे चालावयाचे, या सगळ्याच्या मुळाशी ‘आम्ही मूळ आणि ते उपरे’ हे वाक्य आहे. मी शोध सुरू केला तो मागून पुढे नव्हे, पुढून मागे. आजोबांचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळाले. (या रजिस्टरातली निम्मी जुनी मुले १ जूनला जन्मलेली आहेत. ती तारीख मास्तरांच्या सोयीची, आईच्या नव्हे, हे जाणकारास सांगावयास नको.) पणजोबा जमिनीच्या फेरफारात सापडले. आणि खापरपणजोबा सापडले एका पत्र्याच्या नळीत, पेन्शनच्या कागदात. मुंबई लष्करातल्या पायदळातून नाईक म्हणून निवृत्त. वय, उंची पाच फूट पाच इंच, डाव्या भुवईवर व्रण, बापाचे नाव, आणि गाव. गाव आमचे नव्हते. खाडीपलीकडचे होते. पेन्शनीच्या पैशांनी त्यांनी येथे जागा घेतली, घर बांधले, आणि आम्ही मूळचे झालो.

कागद मी चुलत्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, “शाळेत पोरांची हजेरी घेतस ती घे. घरातल्या मेलेल्या माणसांची कित्याक घेतस? मगे आमी उपरे?”

मी म्हटले, “काका, हे आपल्या बापजाद्याचे वर्णन आहे. भुवईवरचा व्रण पाहा. तुमच्या वडिलांनासुद्धा हे ठाऊक नव्हते.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, “खंयचो घाव म्हणान लिवला हा?” कोठल्या लढाईतला घाव, असे. कागदात ते नव्हते. कागदाला व्रणाशी काम, लढाईशी नव्हे. पालखीचा मान चुलत्यांनी सोडला नाही. सोडावा असे मी म्हटलेही नाही. मात्र गेल्या जत्रेत वाडीतल्या एका मुंबईहून परतलेल्या कुटुंबाला कुणी ‘उपरे’ म्हणाले, तेव्हा काका त्या बोलण्यात पडले नाहीत, एवढे मी पाहिले. आमच्या घरात यापेक्षा मोठा निवाडा आजवर झालेला नाही.

अलीकडच्या काळात या, तरी कथा तीच. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकात टायग्रिसकाठच्या कुतच्या वेढ्यात अडकल्या; घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सारी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. महाराष्ट्रात अनेक गावांत संगमरवरी पाटी आढळते: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले. आकडा आहे, नाव नाही. बसऱ्याला जे मोठे स्मारक उभारले त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची गणना आहे. पण हिंदी शिपायांची तेथे पलटणवार संख्या कोरली, नावे नाहीत. अशा युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल संस्थेने २०२१ साली अहवाल काढून ही विषमता मान्य केली. शंभर वर्षे लागली. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबी शिपायांच्या गाववार वह्या उजेडात आल्या. त्यांत सुमारे ३,२०,००० नावे आहेत. वही कोठेतरी असते. ती कुणीतरी उघडावी लागते.

त्या युद्धाचे एक पदक आमच्या भागात जुन्या पेट्यांतून कधी कधी निघते. शिपायांना ते चांदीचे मिळाले, हमाल आणि मजुरांच्या तांड्यांना काशाचे. चांदीचे पदक अडीअडचणीत सोनाराच्या मुशीत गेले, काशाचे कुणी घेईना म्हणून घरात राहिले. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. घरच्यांनी पदकाचा राजा पाहिलेला असतो, कड वाचलेली नसते. घरात असे काही असेल, तर वाचकहो, ते घासून चकचकीत करू नका. कड उजेडात धरा आणि अक्षर वाचा. ते पुसले, तर त्या माणसाचे नाव पुन्हा कुणी लिहिणार नाही.

पूर्वज शोधू पाहणाऱ्याला मी एवढेच सांगेन. शिवकालापासून खाली येऊ नका. आजोबांपासून वर चढा. शाळेचे रजिस्टर, गावची जन्ममृत्यूची नोंद, फेरफार, पेन्शनचे कागद, पदकाची कड, मग मुंबई, पुणे आणि कोल्हापूरचे पुराभिलेखागार. एका पायरीवर दोन पुरावे जुळल्याखेरीज वरची पायरी चढू नका. बापाचे नाव आणि गाव, दोन्ही जुळली पाहिजेत. मोडी शिका, चिकाटीच्या माणसाला ती काही महिन्यांत वाचता येऊ लागते. आणि जेथे कागद संपेल तेथे थांबा. त्यापलीकडे कादंबरी लिहावी. ती मीही लिहितो. पण कादंबरीच्या खाली कुलवृत्तांत म्हणून सही करू नये.

माझ्या सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी घरच्या पाच पिढ्यांची नावे लिहून आणावयास सांगतो. कुणी छापील वंशावळ आणतो, कुणी तीन नावांवर थांबतो. एकीने गेल्या वर्षी दोनच नावे आणली, आणि तिसऱ्या ओळीत लिहिले, ‘पणजोबा बोटीवर होते.’ नाव नाही, पलटण नाही, गाव नाही. मी तिला पूर्ण गुण दिले, आणि वहीत शेरा मारला: हजर.